बाजूला होणारी सायकल

दत्तप्रसाद आरोलकर आमच्या आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक होता. रेडीच्या वाड्यावाड्यांतून फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, विहिरींत पावडर टाकायची आणि चारच्या आत सगळ्या पट्ट्या केंद्रावर आणून द्यायच्या, हे त्याचं काम. पट्ट्या माझ्याकडे जमा व्हायच्या; मी तिथे औषधं द्यायचे. पोरं त्याला लांबूनच ओळखायची आणि "रगतवालो इलो!" म्हणून ओरडत माडांआड पळायची.

बावीस वर्षं त्याने हे सगळं सायकलवरून केलं. मोटारसायकल घे म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "फटफटीर बसलंय तर खंयच्या घरात कोण कण्हता तां माका कसा ऐकाक येतला?" यात बढाई नव्हती. कुंपणापलीकडून कुणी कुंथलेलं ऐकून तो सायकल टेकवून आत गेला आणि माणूस वाचला, असं दोनदा तरी मला ठाऊक आहे.

दोन हजार सहाच्या दसऱ्यानंतर रस्ता बदलला. खनिजाचे डंपर पूर्वीही बंदरावर जायचे, पावसात थांबायचे, पाऊस सरला की पुन्हा सुरू व्हायचे. पण त्या वर्षी ते मोजता येईनात. रस्ता जेमतेम एका गाडीचा. डांबर संपलं की वीतभर खोल उतार, मग जांभ्याची खडी, मग गटार. जास्वंदीची पानं लाल झाली, वाळत घातलेली धोतरं लाल झाली, आणि शाळेतून येणारी मुलं डंपरचा आवाज आला की कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून उभी राहायला शिकली. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका वळणावर दोन डंपर एकमेकांच्या पुढे जायला बघत आले. दत्तप्रसादने उडी मारली. सायकल चाकाखाली गेली. त्या दिवशी तो पिशवी छातीशी धरून चालत केंद्रावर आला, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि पट्ट्या टेबलावर मांडत म्हणाला, "अठरातल्यो तीन फुटल्यो. त्या तिघांकडे परत जाऊक व्हया." सायकलीबद्दल त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

नवी सायकल घेणं आलं. शिरोड्याचा परशुराम सायकली दुरुस्त करायचा, त्याला घेऊन तो सावंतवाडीला गेला. नेहमीची काळी, दांड्याची सायकल त्याने चालवून पाहिली. मजबूत होती, पाठ ताठ राहायची, पण डांबरावरून खाली उतरवली की अरुंद टायर खडीत घसरायचं. मग स्प्रिंगांची, गियरवाली पाहिली. ती खडीत छान चालली, पण इतकी जड की चढावर त्याला धाप लागली, आणि रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर त्याला डांबरावरच काढायचे होते. दुकानदार वैतागला. "तुमका नेमकी व्हयी कशी?" त्याने विचारलं.

"रस्त्यार धावणारी," दत्तप्रसाद म्हणाला, "आणि रस्तो सोडूचो लागलो तर न पडणारी."

तशी सायकल दुकानात नव्हती. ती परशुरामला खाडीपलीकडे गोव्यात सापडली. कुणी परदेशी माणूस ती एका खानावळीत ठेवून गेला होता. दोन वर्षं झाली तरी त्याचं पत्र नाही, फोन नाही. खानावळवाल्याला ती दारात नकोशी झाली होती. बोकडाच्या शिंगांसारखा खाली वळलेला हँडल, अंग बारीक आणि हलकं, पण टायरांना नांगरल्यासारख्या खाचा, आणि टायर नि सांगाडा यांच्यात चिखल अडकू नये म्हणून सोडलेली जागा. खानावळवाल्याने सांगितलं, तिकडे हिला सायक्लोक्रॉस म्हणतात. शेतांतून, चिखलातून शर्यती लावतात, आणि बाकीचे दिवस लोक तीच रस्त्यावर वापरतात.

दत्तप्रसादने ती विकत घेण्याआधी एक दिवस गावात मागून आणली, पिशवीत वीस कोऱ्या काचपट्ट्या कागदात गुंडाळून ठेवल्या, पिशवी पाठीला बांधली आणि आमच्या उतारावर जोरात सायकल सोडली. अर्ध्यावर त्याने ती डांबरावरून खाली घातली, खडीतून गटाराच्या कडेने नेली आणि पुन्हा वर काढली. पट्टी एकही फुटली नाही. त्याने हे पाच वेळा केलं. त्याची बायको सुगंधा गडग्यापाशी उभी राहून बघत होती.

"सायकल चलता कशी तां सोडून," ती म्हणाली, "ती रस्त्यावरसून खाली कशी जाता तांच तुमी बगतास."

परशुरामलाही एक गोष्ट खटकली होती. "दत्ता, हेच्यार वाकून बसूचा लागता. काळ्या सायकलीर माणूस उंच दिसता. हेच्यार डंपरवाल्याक तुझी फक्त पाठ दिसतली. अगदी जवळ इलो तर ती पण नाय."

"माका दिसूचा नाय," दत्तप्रसाद म्हणाला. "माका वाचूचा आसा."

सायकल घरी आली.

ती खरोखरच चांगली होती. दोन-तीन आठवड्यांत त्याचं अंग तिला सरावलं. मागून डंपरचा आवाज आला की तो मागे न बघता अंदाज घ्यायचा, उतार बघून खाली घालायचा, धुरळा बसला की वर यायचा. पाय जमिनीला लावावा लागत नसे. पांढरा शर्ट, पाठीला पिशवी, असा तो डांबरावरून नाहीसा होतो आणि पुढे पन्नास पावलांवर पुन्हा उगवतो, हे चहाच्या टपरीवरचे लोक कौतुकाने बघत. डंपरवालेही बघत.

त्यांतला एक त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, निकेत. चोवीस-पंचवीसचा, हसतमुख, पैसा खर्चायला हात सैल. डंपर मिळाल्यापासून घरात मान वाढलेला. टपरीवर तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "मामा, आता तुझ्यासाठी ब्रेक मारूचो लागणा नाय. पांढरो शर्ट दिसलो की समजाचा, जातलो बाजूक."

आम्ही सगळे हसलो. दत्तप्रसादही हसला. मला वाटतं त्याला ते बरं वाटलं असावं.

फेब्रुवारीत, सकाळी साडेआठला, धोंडू मेस्त्री मेला. साठीचा सुतार, हत्यारांची पिशवी पाठीला अडकवून आपल्या जुन्या काळ्या सायकलीवरून कामावर निघाला होता. मागून डंपर आला. धोंडूने हॉर्न ऐकला असेल, पण खाली उतरायला त्याला आधी ब्रेक लावून पाय टेकावा लागायचा, आणि तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. डंपर निकेतचा होता.

दुपारी दत्तप्रसाद पोलीस ठाण्यावर गेला, भाच्याला जेवण घेऊन. निकेतने डबा उघडला नाही. तो मामाच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मामा, माका वाटला तूच आसस. पांढरो शर्ट, पाठीर पिशवी. मी वाट बगलंय, आता जातलो खाली, आता जातलो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तू रोज जातस मा."

हे दत्तप्रसादने आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. रोज कामावर यायचा, पट्ट्या द्यायचा, सही करायचा. नवव्या दिवशी सुगंधाला सांगितलं, आणि दहाव्या दिवशी सायकल परशुरामकडे नेली. खाली वळलेला हँडल काढ आणि काळ्या सायकलीचा उंच हँडल बसव, म्हणाला.

"मगे ही घेतलंस कित्याक?" परशुरामने विचारलं. "तिची सगळी खुबी जातली."

"जाऊं दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्यावर आला तेव्हा ताठ बसला होता आणि डांबराच्या कडेपासून चांगला दीड हात आत होता. मागून डंपर आला. हॉर्न झाला. दत्तप्रसाद खाली उतरला नाही. हॉर्न पुन्हा झाला, लांबला. तो आपल्या नेहमीच्या चालीने पायडल मारत राहिला. डंपर त्याच्या मागे रांगू लागला, त्याच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. स्टॉपवर उभी असलेली माणसं कडेला येऊन बघू लागली. तिठ्यापर्यंत, जवळजवळ दोन किलोमीटर, ते असेच गेले.

मग हे रोजचं झालं. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. एकाने पाण्याची बाटली फेकून मारली. डॉक्टरसाहेबांकडे तक्रार गेली तेव्हा त्यांनी त्याला बोलावून विचारलं. मी शेजारच्याच खोलीत होते. साहेबांसमोर तो नेहमी शुद्ध बोलायचा. "साहेब, मी डाव्या बाजूनेच जातो," तो म्हणाला. "फक्त खाली उतरत नाही."

"अहो, पण उद्या काही झालं तर?"

"झालं तर त्यांना कळेल की मी होतो."

साहेबांनी तक्रारीचा कागद बाजूला सारला.

सुगंधा मला बाजारात भेटायची. तिचं घर रस्त्यापासून थोडं आत, काजूच्या बागेपलीकडे. संध्याकाळी तिला लांबून हॉर्न ऐकू यायचा, न थांबता वाजणारा, हळूहळू जवळ येणारा. "तो वाजता तोवर माका बरा वाटता," ती म्हणाली. "म्हंजे ते डंपराच्या पुढे आसत." मुलं, बागा, भाव, सगळ्याबद्दल आम्ही बोलायचो, पण बोलता बोलता ती मध्येच रस्त्याकडे कान द्यायची. बाजारातसुद्धा.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी हॉर्न वाजत आला आणि तुटला. ती होती तशी धावली, हातात विळा तसाच. रस्त्यावर धूळ उभी होती. धूळ खाली बसल्यावर तिला आधी डंपर दिसला: पुढची चाकं गटारात, मागची डांबरावर, खनिज एका अंगाला सांडलेलं. या वेळी रस्ता डंपरने सोडला होता. ड्रायव्हर खाली उतरून गडग्याला टेकून बसला होता. दत्तप्रसाद रस्त्याच्या मध्ये, सायकल दोन पायांत धरून उभा होता. त्याने पिशवी पुढे घेतली होती आणि दुसऱ्या दिवसासाठीची एकेक कोरी काचपट्टी उजेडात धरून बघत होता.

"त्येंचे हात जरा पण हालत नव्हते गो," सुगंधा मला म्हणाली. "माका तांचाच भ्यां वाटला."

त्या वर्षी ग्रामसभेत ठराव झाला आणि शाळेच्या वेळेत डंपर बंद राहू लागले. लोक म्हणतात, धोंडूमुळे झालं. निकेत जामिनावर सुटला, पण स्टीअरिंगला पुन्हा हात लावला नाही. आता बापाबरोबर होडीवर जातो. मामाच्या घरी त्याने पाऊल टाकलं नाही, आणि मामानेही कधी बोलावणं धाडलं नाही.

दत्तप्रसाद आणखी दोन हंगाम तसाच फिरला. दोन हजार नऊच्या जूनमध्ये त्याची बदली देवगड तालुक्यात झाली. सायकल एस.टी.च्या टपावर बांधून दोघं गेली. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. तिकडे खाण नाही, खनिज नाही, उन्हाळ्यात बागांतून आंब्याच्या पेट्या निघतात एवढंच.

परवा सुगंधाचा फोन आला. घर बरं आहे, विहिरीचं पाणी गोड आहे, शेजार चांगला आहे. मी विचारलं, ते सायकल कशी चालवतात?

"तशीच," ती म्हणाली. "रस्त्यार कोण नसलो तरी तशीच."

मग ती जरा थांबली. मागे कुठेतरी गाडीचा आवाज होता. मलाही तो फोनमधून ऐकू आला.

"पेट्यांचे ट्रक रातदीस पळतत," ती म्हणाली. "मुंबयचो सीझन सुरू झालो."