उन्हाळ्याचं पाणी

मे महिन्यात पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत एक वही आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उसना घेतलेला उष्णतामापक होता. वेल्ह्याच्या डोंगरात उष्ण पाण्याचा झरा सापडला असून जमिनीतील उष्णतेवर वीज निर्माण करता येईल काय, याच्या तपासासाठी सरकारी निधी मंजूर झाला आहे, अशी बातमी हिवाळ्यात आमच्या पत्रात आली होती. ती हाती आलेल्या कागदावरून मीच लिहिली होती. इटलीत जमिनीतून येणाऱ्या वाफेवर यंत्रे चालतात, हे शेवटचे वाक्य माझे. झरा मी पाहिलेला नव्हता. त्यानंतर त्या कामाबद्दल एक अक्षरही कळले नाही, म्हणून हा प्रवास.

कात्रजचा घाट चढून मोटार तापली आणि शिवऱ्याला पाण्यासाठी थांबली. चहावाल्याला मी कुठे चाललो ते सांगितले.

"विजेचं बघाया?" तो म्हणाला. "लोखंडी नळ हितनंच ग्येलं, गाड्या भरून. म्होरल्या म्हैन्यात हितनंच माघारी आलं."

"आणि वीज?"

"ती काय गाडीत दिसली न्हाई, बा."

नसरापूरला मोटार सोडली आणि बैलगाडी केली. रस्ता गुंजवणी नदीच्या खोऱ्याने पश्चिमेकडे जातो. नदीत पाण्याची डबकी तेवढी उरली होती. दोन्ही बाजूंचे डोंगर राबासाठी (पेरणीपूर्वी भाजलेली जमीन) जाळल्यामुळे काळे दिसत होते. वेल्ह्याला पोचायला संध्याकाळ झाली. मुक्काम कचेरीच्या ओट्यावर आणि जेवण नाचणीची भाकरी, ठेचा व कांदा. सकाळी उजाडताच तोरण्याच्या अंगाची वाट धरली. दीड तासाच्या चढानंतर कातळाच्या सपाटीवर धनगरवाडा लागला. सात घरे, गवताने शाकारलेली. त्यांपैकी दोन बंद होती.

वाड्यातील सर्वांत वडीलधारे कोंडिबा घोंगडीवर बसले होते. मी पाणी मागितले. त्यांच्या पत्नी ठकूबाई आत गेल्या आणि पितळीभर दूध घेऊन आल्या.

"दूध घ्या, सायेब. पानी मागू नगा."

मला वाटले, हा पाहुणचार असावा. त्या म्हणाल्या, "दूध म्हशीच्या आचळात हाय. पानी खाली नदीत हाय. कुठलं लांब, तुमीच सांगा."

झऱ्याची जागा घरांमागे हाकेच्या अंतरावर आहे. कातळाच्या पायथ्याशी हाताने कोरलेले जुने टाके होते. त्याच्या कडेला सुरुंगाने फुटलेल्या दगडांची रास आणि मधोमध नळ उतरवण्यासाठी पाडलेले वीतभर रुंद भोक. मी उष्णतामापक सुतळीला बांधून आत सोडला. तो कुठेच भिजला नाही. वर काढला तेव्हा पारा बाहेरच्या हवेपेक्षा खाली होता.

"सुरुंगानं भुई हादरली," कोंडिबा म्हणाले. "मग तो नळ खाली घातला. तिसऱ्या दिशी नळातनं ढबढब आवाज आला. मानसं म्हनाली, वाफ येतीया. टाक्यातलं पानी हालाया लागलं, खाली बसत ग्येलं, आन् सांजच्याला बूड दिसलं. पैल्यांदा बघितलं म्या टाक्याचं बूड. सत्तरीला आलो."

कातळाच्या ज्या थरावर पाणी साठून राहत होते तोच थर नळाने भेदला होता. पाणी डोंगराच्या पोटात उतरून गेले.

"पण इथे ऊन पाणी आहे, असे सांगितले कोणी?" मी विचारले.

ठकूबाई बोलल्या. "कोनी म्हंजी? ह्यांनीच. जल्मात कुनी सायेब काय इचारीत न्हाई, आन् इचारलं तर पटकन व्हय म्हनून मोकळं."

"अगं, त्या तपासाच्या सायबानं इचारलं ते खरंच व्हतं," कोंडिबा म्हणाले. "त्यो म्हनला, बाबा, हे उन्हाळं का? म्या म्हनलं, व्हय, उनाळ्याचंच पानी. पाऊसकाळात ह्याच्याकडं कोन बघतंय? समदं आटलं म्हंजी ह्ये चालतं, म्हनून उनाळ्याचं. पानी गारच व्हतं, सायेब."

निघताना कोंडिबांनी एकच गोष्ट मागितली. त्या कामाचा काही निधी उरला असेल तर त्यातून खालच्या अंगाला विहीर खणून द्यावी. "न्हाईतर आगुटीच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) आत आमी बी उतरनार. दोन घरं ग्येलीच." मी विचारतो म्हणालो. ठकूबाईंनी विचारले, "तुमी तरी नीट लिवाल न्हवं?"

तपास करणारे ओव्हरसियर भोरला बिऱ्हाड करून होते. दुसऱ्या दिवशी कापूरव्होळवरून भोर गाठले. माणूस सरळ, राजापूरकडचा. त्यांनी काही लपवले नाही.

"अहो, आमच्याकडे उन्हाळे म्हणजे ऊन पाण्याचा झरा. दुसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता. थंडीतली पहाट, पाण्यावर वाफ, हाताला कोमट. तुम्ही काय लिहिलं असतंत?"

"मी तेच लिहिले," मी म्हणालो.

विहिरीचे विचारले. निधी वीजनिर्मितीच्या तपासाचा होता, शिल्लक परत गेली. विहिरीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, तो दुसऱ्या खात्याकडे जाईल आणि ते खाते त्या जागेचा पूर्वीचा अहवाल मागवील. त्यांनी अहवालाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. शेवटची ओळ अशी होती: सदर ठिकाणी झरा नाही.

"थंड पाण्याचा होता, एवढे त्यात घाला," मी म्हणालो.

"थंड पाण्याचा तपास माझ्याकडे नव्हता. अहवाल सादर झाला." त्यांनी नक्कल परत आपल्याकडे ओढली. "आणि ओळ खोटी नाही."

भोरहून किकवीमार्गे पुण्याला परतलो. मोटारीत वहीतील टिपणे वाचली. त्या डोंगरात कोणीही खोटे बोललेले मला आढळले नाही. म्हाताऱ्याने विचारले त्याचे उत्तर दिले, ओव्हरसियरने ऐकले ते कळवले आणि मी आले ते छापले. त्या सगळ्यात एक शब्द दोन मुलखांत दोन अर्थांनी चालतो, एवढे विचारायचे राहिले. ते विचारणे माझे काम होते.

पत्राच्या कचेरीत येऊन तीन ओळींची दुरुस्ती लिहिली. वेल्ह्याजवळचा तो झरा उष्ण नव्हता, भर उन्हाळ्यातही न आटणारा थंड पाण्याचा झरा होता. खिळे जुळवता जुळवता जुळारी थांबला.

"न आटणारा म्हणता, मग 'होता' कसं? 'आहे' करू का?"

नको म्हणालो.