मी लिहिलेलं वय

शेजारची साडेतीन वर्षांची चिमुरडी सकाळपासून आमच्या फाटकाशी उभी राहून उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायची खटपट करते आहे. हा उद्योग मीच तिला शिकवला. तिची आई माझ्यावर जराशी रुसली आहे, कारण पोरगी आता जेवतानाही एक हात डोक्यावर ठेवून बसते. बोटं कानाच्या चांगली वर थांबतात, मग ती मान वाकडी करून कानच हाताकडे नेते आणि म्हणते, "आजी, लागला." मीही म्हणते, लागला. खोटं बोलायची माझी सवय जुनी आहे.

आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांत जन्माचा दाखला घरोघरी नसे, तेव्हा कान हाच दाखला होता. हात कानाला टेकला की पोर सहा वर्षांचं झालं, पहिलीत बसलं. पातूरच्या अलीकडच्या एका गावात मी पहिलीची बाई होते. जून उजाडला की आया पोरांना दंडाला धरून आणत आणि जन्मवेळ सांगत: "पोळ्याले आमचा धवळा बैल मेला ना, त्याच्या मांगच्या हप्त्यात," किंवा "तुरी सोंगून राहिलो होतो तवा." त्या साऱ्या पोळ्यांचं आणि तुरींचं भाषांतर मी एकाच तारखेत करत असे. एक जून. माझ्या रजिस्टरात अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. आमची सटवाई पाचवीच्या पूजेला येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. मी सहाव्या वर्षी लिहीत असे, आणि माझं अक्षर तिच्यापेक्षा वळणदार होतं, असं मला मनापासून वाटे.

त्या चाळिशीतल्या मला आज रस्त्यात गाठून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. कडक खळीचं सुती पातळ, छातीशी धरलेलं दाखल-खारीज रजिस्टर, आणि चालणं असं की जणू तिच्याच जोरावर सूर्य उगवतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी "मोत्यासारखं अक्षर" म्हटलं, तर पुढचे दोन आठवडे ही बाई वाण्याच्या चिठ्ठ्यासुद्धा वेलांट्यांना फुलोरा काढून लिहीत होती. पट वाढवायचा तर भारी सोस. रस्त्यात कुणाची गरोदर सून दिसली, तरी हिच्या मनात पहिलीचा वर्ग भरायला लागे.

अशाच एका जूनमध्ये गावातल्या पिंजाऱ्याची बायको आली. आठ वर्षांची पोरगी पुढे, आणि त्या पोरीच्या फ्रॉकला लोंबकळलेला एवढासा भाऊ.

"बाई, पोरीले घ्या शाळेत."

"आणि हा कोण?"

"ये भी आयेगाच. पोरगी याले सोडून हालतच नाही. मी दिवसभर गाद्या शिवून राहिली, याले कोन पाहीन?"

"वय काय याचं?"

"जिनिंगात सरकी पेटली ना, त्याच दिवशी दुपारी झाला."

कापसाच्या जिनिंग कारखान्यातली ती आग मी पाहिली होती. सारं गाव बादल्या घेऊन धावलं होतं, आणि मी बादली विसरून नुसतीच धावले होते. त्याला मोजून चार वर्षं झाली होती. मी पोराचा हात धरून डोक्यावरून नेला. हात टाळूपर्यंतच पोचला आणि पोर खुदकन हसलं. मी त्याचं कोपर हलकेच वर दाबलं, डोकं जरा झुकवलं, आणि जाहीर केलं, "लागला." रजिस्टरात सहा वर्षं लिहिली. त्याची आई पदराआडून हसली. "बाई, तुमी तं दोन साल एका झटक्यात काढले. अल्ला तुमाले बरकत देवो." त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होते. एका फटक्यात दोन नावं, आणि पोरगी शाळेत. ती पुढे सातवीपर्यंत शिकली, आणि तिच्या शिकण्याची मला आजही लाज वाटत नाही. गुंता तिथेच आहे. ते खोटं नुसतंच वाईट असतं, तर मी ते कधीच विसरून गेले असते.

पोरगा बारीक चणीचा, वर्गात सगळ्यांत लहान. कागदावर अठरा पूर्ण झाले त्या वर्षी, म्हणजे खरं तर सोळाव्या वर्षी, बाजारात गाडी कुठे लावायची यावरून त्याच्या काकांची दुसऱ्या एका घराशी मारामारी झाली. हा काकांच्या मागे धावत गेला. त्या मारामारीत एक माणूस मेला. मेलेल्या माणसालाही आई होती, हे मी विसरत नाही. अकोल्याच्या कोर्टात पोराच्या वकिलाने सांगितलं, हा अज्ञान आहे, अठराच्या आतला, याला मोठ्यांबरोबर उभं करू नका. पुरावा म्हणून शाळेचं रजिस्टर मागवलं गेलं, आणि त्यासोबत मी.

ही चौपन्न वर्षांची बाई तर चाळिशीतलीपेक्षाही हास्यास्पद. निवृत्ती चार वर्षांवर, सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, आणि साक्षीला जायचं म्हणून नवीन चष्मा केलेला. तिला विचारलं, अक्षर तुमचं? हो. तारीख खरी आहे? तिने आरोपींच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथे काकांच्या खांद्यामागून तो तिच्याकडे बघत होता. बाई आलीय म्हटल्यावर काहीतरी चांगलं होईल, असा त्याचा चेहरा होता. बाईने चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "शाळेच्या रजिस्टरात चूक नसते." जन्मठेप झाली. काकांबरोबर, काकांइतकीच.

त्यावर वीस वर्षं गेली. नोकरी संपली, मी अमरावतीला लेकाकडे आले. मग यंदा उन्हाळ्यात अकोल्याची एक तरुण वकील मुलगी घर शोधत आली. पोरवयात मोठ्यांची शिक्षा लागलेल्यांसाठी ती दयेचे अर्ज करते. तिच्या पिशवीत शाळा सोडल्याचे पाच-सहा दाखले होते, वेगवेगळ्या गावांचे. सहज पाहिलं, बहुतेकांवर एक जून. माझ्यासारख्या बाया आणि गुरुजी गावोगाव होते तर.

"आजी," ती म्हणाली, "त्या आगीची नोंद पोलीस ठाण्याच्या जुन्या कागदांत मला सापडली. पण त्याच दिवशी हा जन्मला, हे कोण सांगणार? त्याचे आई-वडील वारले, काका त्याच खटल्यातले. बहीण तेव्हा चार वर्षांची. तुम्ही सांगितलं, तर राज्यपालांकडच्या अर्जाला जोर येईल. पण आधीच बोलून ठेवते, कोर्टात खोटं बोललात म्हणून तुमच्यावर केससुद्धा होऊ शकते."

"होऊ दे," मी म्हटलं. "तिथं जेवण तरी वेळेवर मिळत असेल. आमच्या सूनबाईंची पोळी दीडशिवाय तव्यावर पडत नाही."

ती हसली. मी आत जाऊन मोरीत पाचेक मिनिटं नळ सोडून उभी राहिले.

चार दिवसांनी ती प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन आली. त्यात दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, ते आधी दुरुस्त केले. खोड जात नाही. मग एका वाक्यावर नजर थांबली: 'नजरचुकीने चुकीची तारीख नोंदविली गेली.' मी म्हटलं, हे खोडा.

"राहू द्या ना आजी, तुमच्यासाठीच तसं ठेवलंय."

"नजर चांगली होती माझी. जाणूनबुजून लिहिली, असं लिहा. आणि कोर्टातही जाणूनबुजूनच बोलले, तेही लिहा."

पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर त्याला भेटायला गेले. तुरुंग आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि इतकी वर्षं मी त्या रस्त्याने संत्री आणायला जात होते. जाळीपलीकडे कानशिलांवरचे केस पिकलेला एक माणूस येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. त्याने ओळखलं.

"बाई, तुमी तं एकदम लहान झाल्या."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. जे होतं ते सरळ सांगितलं. कोपर कसं दाबलं, सहा कसे लिहिले, कोर्टात काय बोलले. तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंग मी आता किती वर्साचा हाव?"

"छत्तीस."

"इथं अडतीस लिवून हाय." त्याने मोजायची बोटं मिटली. "आई मले नेहमी म्हने, तू लहान हाय, तुले समजत नाही. मले वाटे, उगीच बोलते."

वेळ संपली, तेव्हा त्याने कपाळाशी हात नेला आणि सवयीने म्हणाला, "येतो, बाई." जायचं आम्हाला होतं.

अर्ज आता मुंबईला गेला आहे. वकील मुलगी म्हणते, महिने लागतील, कदाचित वर्षं, आणि नकारही येऊ शकतो. चौकशीला कुणी आलं तर तुम्ही हवात, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगते. काळ मोठा विक्षिप्त सावकार आहे, ज्याचं घेतलं त्याला कधी परत करत नाही. त्या माणसाची सोळा ते छत्तीस ही वर्षं कुठलाही राज्यपाल भरून देऊ शकत नाही. मागता येतील ती फक्त पुढची. आणि त्याचं खरं वय ठाऊक असलेलं, शपथेवर सांगू शकेल असं, जगात आता एकच माणूस उरलं आहे. त्या माणसाला पंचाहत्तरावं लागलंय, आणि त्याला रक्तदाब आहे.

म्हणून हल्ली मी गोळ्या वेळेवर घेते, लोणच्याला हात लावत नाही, आणि संध्याकाळी बागेला तीन फेऱ्या घालते. सूनबाई लेकाला हळूच म्हणत होती, "आईंना म्हातारपणी जीव फार गोड झालाय." मी ऐकलं, आणि चौथी फेरी घातली.