पिशवी काढल्यानंतरचं दुखणं

पित्ताशयात खडे झाले तेव्हा माझ्याभोवती माणसं होती. मुलगी रजा काढून पुण्याहून आली, शेजारच्या वहिनी डबा पाठवायच्या, ऑफिसातले जुने सोबती दवाखान्यात येऊन बसायचे. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताची पिशवीच काढली. डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दाखवले, मुलीनं त्यांचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. मग टाके सुकले, मुलगी परत गेली, डबा बंद झाला. दुखणं मात्र राहिलं.

जेवण झालं की थोड्या वेळानं उजव्या बरगडीखाली आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं आणि ती कळ पाठीकडे सरकायची. शेंगाचटणी, भजी सोडलीच होती. पुढं पुढं मी संध्याकाळचं जेवणच टाळू लागलो. बायको गेल्यापासून स्वयंपाक माझ्यापुरताच, त्यामुळं मी जेवलो नाही हे कळायला घरात कुणी नव्हतं. सोनोग्राफी पुन्हा झाली, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मनातून काढून टाका, असं मुलगी फोनवर म्हणाली. वहिनी हसून म्हणाल्या, आता पिशवीच नाही तर दुखेल काय? मीही हसलो. त्यानंतर तो विषय कुणापाशी काढला नाही.

ऐन उन्हाळ्यात तपासणीला गेलो. बाकावर शेजारी वैराग गावाहून आलेल्या एक बाई बसल्या होत्या, सोबत त्यांचा मोठा मुलगा. त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. एक सिस्टर प्रत्येकाला विचारत येत होती: दुखणं शून्य ते दहात किती, झोप लागते का, रोजची कामं जमतात का. बाई मुलाकडं बघून म्हणाल्या, एक. मी शून्य सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि ती पुढं गेली.

मुलगा गोळ्या आणायला खाली गेला. तो जिना उतरताच बाईंनी डोळे मिटून बरगडीखाली हात दाबला. ती जागा मला चांगलीच माहीत होती. अजून दुखतं का, असं मी हळूच विचारलं.

"लई दुखतं वो भाऊ," त्या म्हणाल्या. "पन सांगू कुनाला? दुखतंय म्हनलं की पोराचं तोंड उतरतं. तुमचं बरं हाय, तुमचं थांबलं."

"नाही थांबलं," मी म्हणालो. "रोज दुखतं."

त्या वळून माझ्याकडं बघतच राहिल्या. "व्हय? मला वाटलं, माझंच असं हाय."

मलाही तसंच वाटत आलं होतं. मी उठलो, सिस्टरला गाठलं आणि माझं शून्य खोडून सहा लिहायला सांगितलं. बाईंनाही पुन्हा विचारा, म्हणालो. बाईंनी एकदा जिन्याकडं पाहिलं आणि आठ सांगितलं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं, पोट दाबून पाहिलं, बराच वेळ विचारपूस केली. ऑपरेशन नीट होऊनही काहींचं दुखणं मागं राहतं, म्हणाले. कधी कारण सापडतं, कधी सापडत नाही.

"काका, रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं."

मी मान खाली घालून शर्टाची बटणं लावत राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

बाहेर आलो तर बाई आत गेल्या होत्या. त्या काय खातात, कसं झोपतात, हे मला विचारायचं होतं. थोडा वेळ थांबलो. त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगा एसटी चुकेल म्हणून घाई करत होता. जाताना त्यांनी नुसती मान हलवली. नाव विचारायचं राहिलंच.

मुलीला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती पुण्याला या म्हणाली. मी गेलो नाही. नव्या गोळ्यांनी दुखणं उतरलंय, गेलेलं नाही. कळ आली की गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि ती ओसरेपर्यंत खालच्या रस्त्यावरची माणसं बघतो.