सहा महिने एका ओळीत

आमच्या साहेबांना कागद स्वच्छ लागायचा. माणसांचं काहीही होवो. महाडजवळच्या त्या कीटकनाशकांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचे आणि पर्सोनेलचे हे साहेब दिवसातून चारदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण तो मला कळतो हे त्यांना खपत नव्हतं. "मशीनच करतं सगळं, बाई नुसती बटणं दाबते," असं ते पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरच्या त्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं, आणि रोज सकाळी चपला काढताना मी त्यांना मनातल्या मनात एक शिवी द्यायचे.

पावडर विभागातल्या कामगारांचं रक्त दर महिन्याला तपासत. विषारी माल अंगात भिनू लागला की रक्तातला एक आकडा उतरतो, त्यासाठी. एका तपासणीची एक ओळ मी भरायची: बिल्ला नंबर, महिना, आकडा. अशा सहा महिन्यांच्या ओळी एकाखाली एक साचलेल्या. सरकारी तपासनीस येणार असं कळलं तेव्हा साहेबांनी हुकूम सोडला, एका कामगाराची एकच ओळ हवी आणि सहा महिने शेजारी शेजारी सहा रकान्यांत. तेही संध्याकाळपर्यंत.

उभ्याचं आडवं करून देणारी एखादी सोपी आज्ञा आमच्या मशीनमध्ये नव्हती. मग मी त्या ओळींचं तेच टेबल सहा वेळा बोलावलं, प्रत्येकाला एकेक महिना वाटून दिला आणि बिल्ला नंबरावर सहाही जोडून टाकली. चारच्या चहाला प्रिंटर करकरू लागला. एकही रकाना रिकामा नाही, आकड्यांखाली आकडे अगदी नीट. साहेब पहिल्यांदाच "छान" म्हणाले आणि मी खूश झाले, याची मला अजून लाज वाटते.

पोलादपूरच्या एसटीत कापडे गावचे एक काका रोज माझ्यासाठी जागा धरायचे. पावडर विभागात टेंपररी होते. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय गो, माजा रगताचा रिपोट काय आला? हल्ली डोका लय गरगरतो."

"उद्या बघते, काका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर कागदावर त्यांचा नंबरच नव्हता. वरून खाली दोनदा बोट फिरवलं. मूळ टेबलात मात्र त्यांच्या पाच ओळी होत्या. सहावी नव्हती, कारण एका महिन्यात तपासणीच्या दिवशी ते उलट्यांनी घरी आडवे पडले होते. माझ्या जोडणीला सहाही महिने हवे होते. एक महिना नसला की ती सबंध माणूसच गाळून टाकत होती. असे नऊ जण गळले होते, आणि मस्टरवर बघितलं तर नऊही जण आपापल्या चुकलेल्या तपासणीच्या दिवशी आजारी. ज्यांच्यासाठी तपासणी, नेमके तेच मी उडवले होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पुन्हा बसले. आता आधी सगळ्या कामगारांची यादी घेतली, मग तिला एकेक महिना जोडत गेले आणि जिथे आकडा नाही तिथे जागा मोकळी सोडली. काकांची ओळ आली. पाच आकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी, आणि चौथ्या महिन्यापाशी भोक. उभ्या ओळींत हे कुणाला दिसलं नसतं, कारण त्यांच्या एका आकड्यानंतर दुसरा सापडेपर्यंत पानं उलटावी लागत.

कागद घेऊन मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"हा कशाला काढला? कालचा चांगला होता की."

"काल नऊ जण गळले होते साहेब. ही माणसं पावडरमधून हलवायला हवीत."

"तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

"बटणंच दाबते साहेब, पण वाचता येतं मला."

त्यांनी कागद घेतला, घडी केली, खणात ठेवला. मला वाटलं, जिंकले. इतकी मूर्ख मी आयुष्यात पुन्हा झाले नाही.

आठवड्याच्या आत नऊही जणांना गेटवरूनच परत पाठवलं. सगळे टेंपररी, आणि टेंपररीला कारण सांगावं लागत नाही. वॉचमनच्या हातातला कागद मी लांबूनच ओळखला. माझाच होता, कडेला भोकांची पट्टी असलेला, आणि मोकळ्या रकान्यांपुढे लाल पेन्सिलीच्या खुणा. तपासनीस आले तेव्हा साहेबांनी त्यांना पहिला कागद दाखवला. आता तो खोटाही नव्हता, कारण त्यात नसलेली माणसं कारखान्यातही नव्हती. मी केबिनमध्ये जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, "चूक तुमची होती बाई, आम्ही निस्तरली." आणि मी पुन्हा चपला काढून खुर्चीवर जाऊन बसले, कारण घरी पगार आणणारी मी एकटीच होते.

काका महिन्याभराने पोलादपूरच्या स्टँडवर भेटले. खांबाला धरून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूक, दुसरा कागद, लाल खुणा.

"म्हंजी पयल्या कागदात मी नव्हतोच?"

"नव्हता काका. चुकलं होतं माझं."

"मंग ऱ्हाऊ द्यायची व्हती गो चूक," ते म्हणाले, आणि खांब सोडून कापड्याच्या रस्त्याला लागले.