गाणं कुणाचं, ते विचारणारे दादा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो तळोद्याच्या व्हिडिओवाल्या दादांचा. लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं त्यांचं छोटंसं दुकान आहे. व्हिडिओला गाणं लावण्याआधी ते स्पीकरचा आवाज बारीक करतात आणि प्रत्येकाला विचारतात, "गानं कोन्हं शे? तेले इचारं का?"

"गानं काय तुन्हा बापनं शे?" गिऱ्हाइकं चिडवतात.

"नही ना, म्हनीसनच इचारस."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेसाठी मी आमच्या डोंगरातल्या गावाचा व्हिडिओ केला. तो जोडायला दादांकडे नेला; त्याला एका अहिराणी गायकाचं गाणं हवं होतं. दादांनी माउसवरचा हात काढून घेतला. "कॉपीराइट तेना शे, भाऊ."

मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि गायक फोन उचलत नव्हता. दादांनी भर दुपारी शटर ओढलं, मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट त्याच्या केळीच्या बागेत नेलं.

गायकाने मोबाइलवर आमचं गाव शेवटपर्यंत पाहिलं. "आजपावत कोनीच इचारं नही," तो म्हणाला. "लाव भाऊ. पन मन्हं नाव टाकजो."

परतताना दादा ताठ बसून गाडी चालवत होते आणि तेच गाणं बेसूर गुणगुणत होते.

व्हिडिओ दाखवला गेल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं:

"दादा, सप्रेम नमस्कार. काल आपला व्हिडिओ भरल्या सभागृहात लागला. शेवटी गायकाचं नाव आलं आणि त्याखाली तुमचं. तेवढं एक मी न विचारता टाकलं. रागावू नका."