मुकादम सरांचं खरं वाक्य

मुकादम सर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. नागावात त्यांच्या ओटीवर आमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. आम्ही सतरंजीवर आणि सर या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझारा घालत. आतून त्यांच्या बायको, आमच्या चाची, म्हणायच्या, "जरा टेका तरी. पोरांच्या माना मोडतील." सर मान डोलवायचे आणि चालत राहायचे.

वर्गात कोणी मस्कतच्या नोकरीसाठी यायचा, तर कोणी माझ्यासारखा, होमस्टेच्या पाहुण्यांपुढे ततपप होऊ नये म्हणून. सरांनी क्रियापदं वाटून टाकली होती. वाँट, होप, प्रॉमिस यांना 'टू'. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांना 'इंग'. "का ते विचारू नका. ज्याचं त्याचं सासर ठरलेलं असतं. पण उदाहरण खरं हवं. माझ्या ओटीवर खोटं वाक्य चालणार नाही."

होडीवरून थेट वर्गात आलेला हरी एकदा म्हणाला, "आय अव्हॉइड ड्रिंकिंग." सर चालता चालता वाकले, वास घेतला. "अव्हॉइड काढ, एन्जॉय घाल. बाकी वाक्य ठीक आहे."

मी हसलो. मग माझी पाळी आली. सुचेल ते ठोकून दिलं, "आय होप टू स्विम." दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन समुद्रात. गुडघाभर पाण्यात मी असा बोंबललो, की बनाना बोटवाले धावत आले.

पुढे चाचींचे गुडघे गेले आणि मुलाने दोघांना दोह्याला नेलं. घरामागची नारळाची वाडी सुकली तर विकून टाकू, असं त्याने बजावलंच होतं. सरांनी माडांची नवी रोपं नुकतीच लावलेली. मी छाती काढून म्हणालो, "आय प्रॉमिस टू वॉटर." सरांनी पंपाच्या खोलीची चावी माझ्या हातावर ठेवली. "खरं की खोटं, ते रोपं सांगतील."

दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल. पडद्यावर छत, पंखा, भिंत, पुन्हा छत. सर तिथेही चालतच होते.

या मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलं आणि मी वाडी साफ विसरलो. शुक्रवारी सर म्हणाले, "फिनिश घालून सांग."

"आय हॅव फिनिश्ड वॉटरिंग, सर."

"दाखव."

फोन हातात धरून मी पळत सुटलो. पानं पिवळी पडली होती, एक रोप तर आडवंच. पंप लावला. पाटातलं पाणी पहिल्या आळ्यात शिरलं, तसा फोन त्याच्यावर धरला आणि बोलणी खायला तयार झालो. पडद्यावर भिंतीचा एकच कोपरा, हलेना. "रेंज गेली का, सर?" मी विचारलं.

"रेंज आहे रे," सर म्हणाले. "फोन हलवू नकोस. बघू दे."

मागून चाचींचा आवाज आला, "बसले बाबा एकदाचे."