कालव्याकाठची फांदी

वसाहतीत तिला काडीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जिन्यातली कुजबुज तिच्या कानांवर पडायचीच, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. सकाळी फिरायला जाताना बाकीच्या बायका हात हलवत जायच्या, ही पिशवी घेऊन जायची. येताना त्या पिशवीत वाळलेल्या शेंगा असायच्या, नदीतले गोटे, रिकामी घरटी, गाठाळ मुळं, कधी एखादं पीस. दोन खोल्यांचं घर तिने असल्याच गोष्टींनी सजवलं होतं. पडद्याच्या दांडीऐवजी बांबू, दिव्याखाली सपाट दगड, आरशाभोवती शंखशिंपल्यांची चौकट. विकत आणलेली शोभेची वस्तू शोधूनही सापडली नसती.

तिने एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली होती. बरण्या धुणं, हाडं उकळणं, चिठ्ठ्या चिकटवणं हे तिचं काम. तिथल्या जुन्या शिक्षिकाबाई म्हणायच्या, बाहेरची वस्तू आत येताना कधी एकटी येत नाही. एकदा पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या लाकडी बैठकीखाली पांढरं पीठ पडलेलं दिसलं, तर त्यांनी आख्खी फळी मैदानात नेऊन जाळली होती. काडीबाईने ते पक्कं लक्षात ठेवलं. तिच्या घरात येणारं लाकूड आधी गॅलरीतल्या टबात मिठाच्या पाण्यात तीन दिवस बुडायचं, मग पंधरा दिवस उन्हात. त्यानंतरच त्याला उंबरठा ओलांडायची परवानगी. आणि मग तळाशी चिठ्ठी: काय आहे, कुठे मिळालं, तारीख.

नवरा बसचा ड्रायव्हर. दिवसभर गाव पालथं घालून यायचा आणि घरी आला की पाय म्हणून हलवायचा नाही. तिच्या छंदावर त्याचा एकच ठरलेला विनोद होता. येईल त्या पाहुण्याला तो सांगायचा, "लोक कचरा बाहेर टाकतात, आमच्याकडे उलटी वाहतूक." पाहुणे हसायचे, तीही हसायची. चौतीस वर्षांत त्याने तिला रस्त्यावरचा एक खडासुद्धा उचलून आणून दिला नव्हता. तिने मागितलाही नव्हता, पण मोजत मात्र होती.

त्याच्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी एके संध्याकाळी तो घामाघूम होऊन दारात उभा राहिला. खांद्यावर मनगटाएवढ्या जाडीची, सालीसकट, मधेच वाकलेली फांदी. "घे," म्हणाला, "तुझ्या कचऱ्यात भर. कालव्याकाठी पडली होती."

ती आ वासून बघत राहिली. मग सवयीने टबाकडे वळली, तर त्याने तिला अडवलं. पाण्यात घातली की साल सुटेल, शोभा जाईल, म्हणाला. त्याच पावली त्याने खिळे शोधले आणि फांदी पॅसेजमध्ये स्वतःच्या हाताने टांगली. तिने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. फांदीचं एक टोक करवतीने कापल्यासारखं गुळगुळीत होतं, तेही तिला दिसलं होतं. वादळात पडलेली झाडं कुणीतरी कापतंच, असं तिने स्वतःला सांगितलं आणि चिठ्ठी लिहिली: फांदी. कालव्याकाठी. ह्यांनी आणली. खाली तारीख.

पाच आठवड्यांनी तो गेला.

वर्षभराने मुलाने तिला आपल्याकडे नेलं. सून वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं, कारण ती वाईट असती तर पुढचं सोपं झालं असतं. नव्या घरात तिने हॉलमधल्या एका भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, ही भिंत तुमची. तुम्हाला हवं ते लावा, मी एक शब्द बोलणार नाही." काडीबाईने पिशव्या भरून असलेल्या गोष्टींतून निवडून निवडून वीस आणल्या आणि मधोमध फांदी लावली. तिच्या शेजारच्या भिंतीला सुनेने नवं कपाट करून घेतलं होतं. नक्षी तिने स्वतः कागदावर काढली होती आणि सुतार मिस्त्रींनी दोन महिने खपून ते बनवलं होतं. कुणी आलं की सून आधी कपाट दाखवायची, मग हौसेने सासूची भिंत.

सातव्या महिन्यात एका सकाळी फांदीखाली फरशीवर चिमूटभर पांढरं पीठ दिसलं.

काडीबाईला ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. सालीवर टाचणीएवढी भोकं होती. आत लाकूड पोखरणारा भुंगा होता. तिने ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि फडकं धुऊन वाळत घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग रोज सून उठायच्या आत उठून पुसणं हे तिचं कामच झालं. फांदी काढून टबात घालायची तर साल जाणार होती, आणि का काढली हे सांगावं लागणार होतं. आज काढू, उद्या काढू, असं करत तिने अडीच महिने ताकास तूर लागू दिली नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बरण्या डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली बाई, ती स्वतःच्या घरातली कीड फडक्याने पुसत होती.

मग सुनेला कपाटाखाली पीठ सापडलं.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कपाट ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, कीड लागली आहे, पण लाकूड मी तपासून घेतलं होतं, बाहेरून काहीतरी आलंय. सून आधीच पेटली होती. दार उघडं होतं, जिन्यात शेजारीण थांबली होती, तरी तिचा आवाज खाली आला नाही. जुनं किडकं लाकूड नव्याच्या नावाखाली खपवलं, वर आमच्याच घरावर ढकलता, असं ती बरंच बोलली. मिस्त्रींची नजर फिरत फिरत भिंतीवर गेली.

"तिकडे बघू नका," सून म्हणाली. "आमच्या आई प्रयोगशाळेत होत्या. त्यांची एकूण एक वस्तू मिठात बुडवून, उन्हात वाळवून आलेली असते. त्यांच्याकडे बोट दाखवायचं काम नाही. हो ना, आई?"

काडीबाईने मान हलवली. होकाराची होती की नकाराची, कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पट्टी खिशात घातली आणि कपाट परत नेतो, नवीन करून देतो, एवढंच बोलून निघाले. दोन दिवसांनी हातगाडीवरून कपाट गेलं, तेव्हा जिन्यातल्या शेजारणीने सुनेला विचारलं, "लबाडी पकडली वाटतं?"

त्या दुपारी घरी कुणी नसताना काडीबाईने फांदी उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि मिस्त्रींचा कारखाना गाठला. माफी मागायला गेली असं ती पुढे कधी म्हणाली नाही, कारण ते खरं नव्हतं. साल शाबूत ठेवून आतले भुंगे तेवढे मारता येतील का आणि हे गुपचूप होईल का, हे विचारायला ती गेली होती.

मिस्त्रींनी चादर उलगडली. आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, सालीवर वाळलेला चिखल नखाने खरवडला, तर खाली निळ्या खडूची एक जाड रेघ निघाली.

"ही कुठून आणलीत, बाई?"

"कालव्याकाठी पडली होती. आमच्या ह्यांनी आणली."

"ही जळाऊ आहे. बस डेपोमागच्या वखारीतली. ते लोक ढीग लावताना अशी निळी रेघ मारतात. वर्षानुवर्षं पडलेला माल, कीड असायचीच."

ती स्टुलावर बसली. डेपोमागची वखार तिला माहीत होती. कालवा घरापासून पाऊण तासाच्या वाटेवर, वखार बसथांब्यासमोर. घामाघूम झाला होता तो नुसता थांब्यापासून येऊन जिना चढल्याने. चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, तो तिच्यासारखा मान खाली घालून रस्ता बघत चालला, एवढ्यावर तिने ही दोन वर्षं रेटली होती. तो चाललाच नव्हता. बसमधून उतरला, समोर बोट दाखवलं आणि विकत घेऊन आला. खरं सांगितलं असतं तर तिने फांदी टबात घातली असती. करवतीचं टोक तर तिने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं.

"भुंगे मरतील," मिस्त्री म्हणाले. "पण साल राहणार नाही."

"नको," ती म्हणाली. "जाळून टाका."

त्यांच्या सरसाच्या भांड्याखाली चूल होती. त्यांनी फांदीचे तीन तुकडे केले आणि आत सारले. पटकन पेटली, धूरही फारसा झाला नाही.

संध्याकाळी तिने सुनेला सगळं सांगितलं, फडक्यासकट. सून किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिने उठून जिन्याकडचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी त्यांना दार उघडं ठेवून बोलले. तुम्ही तिथेच होतात."

दुसऱ्या दिवशी सून माफी मागायला गेली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि कपाट दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला सांगितलं. मुलाने रविवारी भिंतीवरच्या उरलेल्या एकोणीस वस्तू खोक्यात भरल्या, अगदी नीट, एकेक कागदात गुंडाळून, आणि खोकं गॅलरीत ठेवलं. कुणी तिला एक शब्द लावून बोललं नाही. फिरायला ती अजून जाते, बाकीच्या बायकांसारखी, मोकळ्या हातांनी.

फांदीची चिठ्ठी मात्र तिने आधीच सोडवून घेतली होती. प्रयोगशाळेत चूक खोडरबराने पुसायची नाही, असा दंडक होता. एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी दुरुस्ती लिहायची. तिने "कालव्याकाठी" वर पट्टी ठेवून रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, वखारीतून, जळाऊ. पुढे "ह्यांनी आणली" होतं. त्यावर तिने पट्टी ठेवली, थोडा वेळ तशीच धरली आणि मग उचलून घेतली. तेवढं खरं होतं.